साबणाने केस धुताय? या चुका टाळा

साबणाने न्हाल्यावर केस वाळले तरी चिकट लागतात, कंगव्याच्या दातांत पांढरट थर बसतो, अशी तक्रार असेल तर लगेच साबण बदलू नका. आधी पाणी तपासा. बोअरच्या, विहिरीच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार बरेचदा जास्त असतात. साबणाशी त्यांचा संयोग झाला की पाण्यात न विरघळणारा साका तयार होतो. बादलीच्या कडेला बसतो तोच केसांवरही बसतो, आणि त्याच पाण्याचे कितीही तांबे ओतले तरी निघत नाही. शाम्पूतल्या डिटर्जंटचा असा साका होत नाही, म्हणून त्याच पाण्यात शाम्पू चालून जातो.

पाणी कसं आहे ते घरीच कळतं. पारदर्शक बाटलीत अर्ध्यापर्यंत पाणी घ्या, साबणाचा थोडा कीस टाकून जोरात हलवा. फेस टिकला आणि खालचं पाणी बऱ्यापैकी नितळ राहिलं तर ठीक. फेस धरत नाही आणि पाणी दुधाळ होतं, तर चिकटपणाचं मूळ तिथेच आहे.

अशा वेळी ‘महिनाभर थांबा, केसांना सवय होईल’ असं हमखास सांगितलं जातं. हे ऐकू नका. डोक्याबाहेर आलेला केस निर्जीव असतो, त्याला सवय कसली होणार? थांबलात तर थरावर थर चढेल, एवढंच.

लिंबू किंवा व्हिनेगर उपयोगी पडतं, पण लोक क्रम चुकवतात. डोक्यात फेस असतानाच लिंबाचं पाणी ओतलं तर आम्लामुळे साबण फुटतो, त्यातली स्निग्धाम्लं, म्हणजे तेलकट घटक, सुटी होतात आणि केस आणखी मेणचट होतात. आधी साबण पूर्ण काढा. मगच लिटरभर पाण्यात चमचाभर व्हिनेगर किंवा अर्ध्या लिंबाचा गाळलेला रस घालून ते केसांवरून सोडा, आणि शेवटी साध्या पाण्याने धुवा. डोळ्यांत जाऊ देऊ नका. टाळूला जखम असेल तर हे करूच नका. साबणाच्या पाण्याचा सामू (pH; 7 च्या वर अल्कधर्मी, खाली आम्लधर्मी) 9 ते 10 च्या आसपास, तर टाळूच्या त्वचेचा साधारण 5.5. साबणाच्या या अल्कधर्मी गुणामुळे केसांवरचे खवले उचलले जातात आणि गुंता होतो. सौम्य आम्लाने ते पुन्हा बसतात. खाण्याचा सोडाही अल्कधर्मीच, त्यामुळे इथे त्याचा उपयोग नाही.

वडी थेट केसांवर घासू नका. हातावर फेस करून तो टाळूला चोळा, टोकांना ओघळणारा फेस पुरतो. कपड्यांचा साबण डोक्याला अजिबात नको. रंगवलेल्या केसांनाही साबण टाळा, रंग लवकर उतरतो.

पाणी फारच जड, म्हणजे जास्त क्षारांचं, असेल तर न्हाण्यासाठी साठवलेलं पावसाचं पाणी वापरा. तेही नसेल तर साबणाचा हट्ट सोडून शिकेकाई किंवा सौम्य शाम्पू घ्या. खाज किंवा खपल्या राहिल्याच, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.