टीटन, यलोस्टोन आणि वायोमिंगची जुनी गावं: स्वतः गाडी चालवत ट्रिप कशी आखायची

अमेरिकेतल्या यलोस्टोन नॅशनल पार्कला जायचं ठरलं की बहुतेक जण आधी बघायच्या जागांची यादी करतात आणि मग त्यात रस्ते बसवत बसतात. माझं म्हणणं, उलटं करा. इथे आधी रस्ता ठरवायचा, कुठला घाट कधी उघडा असतो, कुठल्या मुक्कामापासून पुढच्या मुक्कामाला किती तास लागतात ते बघायचं, बाकीच्या जागा त्यात बसतात. मी सांगतोय तो लूप सॉल्ट लेक सिटीहून निघून जॅक्सन, टीटन (डोंगररांग आणि तिथलं ग्रँड टीटन नॅशनल पार्क), यलोस्टोन, कोडी, लँडर असा फिरून परत सॉल्ट लेकला येतो, त्याला निदान नऊ-दहा दिवस द्या, पाच दिवसांत करायचा असेल तर कोडीकडे न वळता टीटन आणि यलोस्टोनच नीट बघा.

सीझन जूनचा मध्य ते सप्टेंबर अखेर. यलोस्टोनच्या आतले जवळपास सगळे रस्ते हिवाळ्यात गाड्यांना बंद असतात, फक्त उत्तरेकडचा गार्डिनर ते कुक सिटी रस्ता वर्षभर चालू असतो. पार्कच्या ईशान्येचा बेअरटूथचा घाट साधारण मे अखेरीला उघडतो आणि ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बंद होतो, पण बर्फ पडला की मधेच कधीही बंद होऊ शकतो त्यामुळे आदल्या रात्री रस्त्यांची स्थिती बघूनच झोपा. मला विचाराल तर सप्टेंबर, गर्दी कमी होते, एल्क (तिथली मोठी हरणं) ओरडायला लागतात. मात्र थंडीचे कपडे जुलैतही हवेतच, यलोस्टोनचा बराचसा भाग साडेसात-आठ हजार फुटांवर आहे आणि पहाटे दात वाजतात.

फीचं आधी नीट बघून घ्या कारण २०२६ पासून नियम बदललेत. अमेरिकेत राहणाऱ्यांना सगळ्या नॅशनल पार्क्सचा वर्षाचा पास ८० डॉलरला मिळतो, बाहेरून येणाऱ्यांना तोच २५० डॉलरला. आणि पास नसेल तर यलोस्टोन, ग्रँड टीटनसारख्या गर्दीच्या ११ पार्क्समधे १६ वर्षांवरच्या प्रत्येक परदेशी पाहुण्याला नेहमीच्या फीवर १०० डॉलर जास्त पडतात. पासमधे गाडीतले सगळे येतात, त्यामुळे कुटुंब असेल तर पासच घ्या.

गाडीसाठी फोर व्हील ड्राइव्ह लागत नाही, उन्हाळ्यात साधी सेडानही चालते, एसयूव्ही घेतली तर उंचीमुळे प्राणी दिसायला बरं पडतं एवढंच. भारतातून येणाऱ्यांनी मूळ लायसन्सबरोबर आरटीओतून इंटरनॅशनल परमिटही काढून आणा, नुसतं परमिट चालत नाही. चालवणारा २५ वर्षांच्या आतला असेल तर भाड्याच्या कंपन्या बहुधा जास्तीचे पैसे लावतात. उजव्या बाजूने चालवायची सवय एका दिवसात होते, पण दोन गोष्टी आधीच डोक्यात पक्क्या करा: चारही बाजूंना स्टॉपचा बोर्ड असलेल्या चौकात पूर्ण थांबायचं आणि जो आधी आला तो आधी जातो, आणि स्कूल बसचे लाल दिवे लागले की थांबायचंच. घाट उतरताना गिअर खाली घ्या, सारखा ब्रेक दाबून ठेवला की ब्रेक तापतात. मागे गाड्यांची रांग लागली तर पुलआउटमधे (कडेला थांबायच्या जागेत) बाजूला घ्या, त्यांना जाऊ द्या. टाकी अर्ध्यावर आली की भरायची, आणि नकाशे घरूनच ऑफलाइन डाउनलोड करून ठेवा कारण पार्कमधे बहुतेक ठिकाणी नेटवर्क नसतंच.

सॉल्ट लेकहून जॅक्सनला जाताना हायवे ८९ ने लोगन कॅन्यन आणि बेअर लेकवरून जा, थोडा वेळ जास्त लागतो पण त्या तळ्याचा निळा-हिरवा रंग बघितला की तक्रार राहत नाही. जॅक्सनच्या चौकात चार कोपऱ्यांना एल्कच्या शिंगांच्या कमानी आहेत, ही शिंगं दरवर्षी गळून पडतात, त्यासाठी कुणाला मारलेलं नाही. गाव सुंदर आहे पण राहायला महाग, परवडत नसेल तर घाटापलीकडे आयडाहोत व्हिक्टर किंवा ड्रिग्जला राहा, फक्त टीटन पासचा चढ चांगलाच खडा आहे हे लक्षात ठेवा.

टीटनच्या रांगेला पायथ्याच्या टेकड्याच नाहीत, सपाट मैदानातून डोंगर एकदम उभा राहतो, आणि त्याची पूर्वेकडची बाजू तुमच्या समोर असते म्हणजे उजेड सकाळीच मिळतो. म्हणून पहाटे बाहेरच्या हायवेवर श्वाबाकर लँडिंग, मॉर्मन रो, ऑक्सबो बेंड करा, मग आतल्या रस्त्याने जेनी लेकला. जेनी लेकचं पार्किंग लवकर भरतं.

यलोस्टोनमधे मुख्य रस्ता इंग्रजी आठच्या आकड्यासारखा आहे, एकूण १४२ मैल, आणि वेगमर्यादा जास्तीत जास्त ताशी ४५ मैल. कागदावर हे एका दिवसाचं वाटतं. पण बायसनचा (गव्यासारख्या दांडग्या रानबैलांचा) कळप रस्त्यावर आला की अर्धा तास कुणी हलत नाही, आणि हलूही नये. त्यामुळे एकाच हॉटेलात राहून रोज अख्खं पार्क ओलांडण्यापेक्षा दोन ठिकाणी राहा, दोन रात्री ओल्ड फेथफुल (प्रसिद्ध गरम पाण्याच्या कारंज्याजवळ) किंवा वेस्ट यलोस्टोनला, दोन रात्री गार्डिनर किंवा कुक सिटीला. पार्कच्या आतली लॉजं फार आधी भरतात, तारखा ठरल्या की पहिलं काम तेच.

वेळा कशा लावायच्या ते सांगतो. ग्रँड प्रिझमॅटिक या रंगीत गरम झऱ्याला भल्या सकाळी जाऊ नका, गार हवेत नुसती वाफ दिसते, रंग दुपारच्या उन्हात दिसतात, आणि फेअरी फॉल्सच्या वाटेवरून वरच्या ओव्हरलुकला चढा. लांडगे बघायचे तर लमार व्हॅलीत उजाडायच्या आत पोचा, दुर्बीण हवीच. इथले लांडगे माणसाने संपवले होते, १९९५ मधे कॅनडातून आणून पुन्हा सोडले, त्यामुळे ते लांबून ठिपक्याएवढे दिसले तरी मला फार मोलाचं वाटतं. संध्याकाळ हेडन व्हॅलीला. अंधार पडल्यावर गाडी चालवणं टाळा, काळा बायसन काळ्या रस्त्यावर दिसत नाही.

अंतराच्या बाबतीत अजिबात हयगय नको. अस्वल आणि लांडग्यांपासून १०० यार्ड म्हणजे ९० मीटरच्या वर, बायसन-एल्कपासून २५ यार्ड. बायसन शांत दिसतो पण माणसापेक्षा कितीतरी जोरात पळतो. गरम झऱ्यांजवळ लाकडी वाट सोडून एक पाऊलही टाकू नका, वरचा थर पापुद्र्यासारखा असतो आणि खाली उकळतं पाणी, मुलांचा हात धरूनच चाला. बेअर स्प्रे (अस्वल अंगावर आलं तर मारायचा तिखट फवारा) विमानातून नेता येत नाही, तिथेच विकत किंवा भाड्याने घ्या आणि बॅगेत न ठेवता कमरेला लावा.

ईशान्येच्या गेटमधून कुक सिटीला बाहेर पडलात की टाकी भरा आणि हवा चांगली असेल तर बेअरटूथ हायवेने वर खिंडीपर्यंत जाऊन परत या. खिंड १०,९४७ फुटांवर आहे, वर झाडं संपतात, जूनमधे रस्त्याच्या कडेला बर्फाच्या भिंती असतात. परत खाली येऊन २९६ नंबरच्या चीफ जोसेफ रस्त्याने कोडीला उतरा. १८७७ मधे नेझ पर्स या मूळनिवासी जमातीचे लोक अमेरिकन सैन्यापासून सुटायला बायका-मुलांसह यलोस्टोनमधून याच डोंगरांतून गेले होते, डेड इंडियन पासवर थांबून समोरच्या दऱ्या बघितल्या की ते कसे निघाले असतील याचा थोडा अंदाज येतो.

कोडी हे काउबॉयच्या खेळांचे शो करणाऱ्या बफेलो बिल कोडीने १८९६ मधे वसवलेलं गाव, इथे दोन रात्री द्या. जून ते ऑगस्ट रोज रात्री रोडिओ (घोडे-बैलांवरचे काउबॉयचे खेळ) असतो. बफेलो बिल सेंटरमधे एका छताखाली पाच म्युझियम्स आहेत, सगळं होणार नाही, इथल्या मूळनिवासींचं प्लेन्स इंडियन म्युझियम आधी करा, कारण काउबॉयच्या आधी इथे कोण राहत होतं ते कळल्याशिवाय ही गावं अर्धीच कळतात. आणि पॉवेलच्या रस्त्यावरचं हार्ट माउंटन चुकवू नका, दुसऱ्या महायुद्धात, १९४२ ते १९४५, इथे जपानी वंशाच्या अमेरिकन कुटुंबांना छावणीत डांबलं होतं.

परतीला थर्मोपोलिसवरून जा. तिथल्या स्टेट बाथ हाउसमधे गरम झऱ्याच्या पाण्यात फुकट डुंबता येतं, १८९६ मधे शोशोनी आणि अरापाहो या मूळनिवासी लोकांनी जमीन देताना झालेल्या करारामुळे. पुढे विंड रिव्हर कॅन्यनमधे प्रत्येक खडकाचं नाव आणि काळ सांगणारे बोर्ड रस्त्याकडेलाच आहेत, चालवणाऱ्याने रस्त्याकडे बघायचं, वाचायचं काम शेजारी बसलेल्याचं. लँडरला रात्र काढा आणि सकाळी साउथ पास सिटी बघा, १८६७ च्या सोन्याच्या धुंदीत उभं राहिलेलं आणि नंतर ओस पडलेलं गाव, इथेच १८७० मधे एस्थर हॉबर्ट मॉरिस देशातली पहिली महिला जस्टिस ऑफ द पीस (स्थानिक न्यायाधीश) झाली. तिथून हायवे २८ ने फार्सन आणि मग इंटरस्टेट ८० पकडून सॉल्ट लेक. हा शेवटचा पट्टा रिकामा आहे आणि वारा आडवा जोरात लागतो, लँडरमधेच पेट्रोल, पाणी आणि खायचं भरून घ्या, आणि संध्याकाळचं विमान असेल तर ते दुसऱ्या दिवसाचं करा.