ऑस्ट्रेलियातून कायमचे परतल्यावर तिथला ‘सुपर’ कसा मिळवावा

जळगाव, धुळे, नंदुरबारकडून शिकायला मेलबर्न-सिडनीला गेलेली मुले परत येतात तेव्हा पदवी आणि सामान सोबत आणतात. मात्र तिथल्या मालकाने त्यांच्या नावावर भरलेली निवृत्तीची रक्कम अनेकदा मागेच राहते. या रकमेला सुपरॲन्युएशन, किंवा तिथल्या बोलण्यात ‘सुपर’, म्हणतात. आपल्याकडे पीएफसाठी कर्मचाऱ्याच्या पगारातून कपात होते. सुपरचा सक्तीचा भरणा मात्र मालकानेच करायचा असतो आणि १ जुलै २०२५ पासून त्याचा दर १२ टक्के आहे. जुलै २०२२ पासून महिन्याला ४५० डॉलर कमाईची किमान अटही उरलेली नाही. त्यामुळे आठवड्यातून दोनच रात्री उपाहारगृहात भांडी घासणाऱ्या सज्ञान विद्यार्थ्याच्या खात्यातही थोडेफार पैसे असतात.

तात्पुरत्या व्हिसावर राहिलेल्या व्यक्तीला ही रक्कम काढण्यासाठी दोन गोष्टी पूर्ण व्हाव्या लागतात: देश सोडलेला असणे आणि व्हिसा संपलेला किंवा रद्द झालेला असणे. परत आल्यावरही व्हिसाची मुदत शिल्लक असेल, तर तिथल्या गृह विभागाकडे तो रद्द करण्याची विनंती करता येते. परंतु ज्याला पुन्हा तिकडे जाण्याची आशा आहे, त्याने काही हजार डॉलरसाठी चालू व्हिसा घालवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. कायम निवासाचा परवाना मिळालेल्यांना आणि ऑस्ट्रेलिया वा न्यूझीलंडच्या नागरिकांना हा मार्ग उपलब्ध नाही.

खरे काम विमानात बसण्यापूर्वीचे आहे. प्रत्येक नोकरीच्या पगारपत्रकावरून सुपर ज्यात जमा होतो त्या फंडाचे नाव आणि सदस्य क्रमांक उतरवून घ्यावा, टॅक्स फाइल नंबर (तिथला करदात्याचा क्रमांक) जपून ठेवावा आणि फंडाकडे स्वतःचा कायमचा ईमेल व भारतातील पत्ता नोंदवावा. तिथले सिमकार्ड बंद झाले की त्यावर येणारे संकेतांकही बंद होतात, हे अनेकांना जळगाव स्टेशनवर उतरल्यावरच उमगते.

त्याहून अधिक काळजी नावाची घ्यावी. आपल्याकडे स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव अशी पद्धत असल्याने पासपोर्टवर पहिली दोन नावे एकाच रकान्यात छापली जातात. माझ्या भाच्याला कामावर ठेवणाऱ्या उपाहारगृहाने वडिलांचे नाव गाळून फक्त पहिले नाव आणि ‘पाटील’ एवढेच फंडाला कळवले होते. पासपोर्ट एक नाव सांगे आणि फंड दुसरे, त्यामुळे ती दुरुस्ती इथून पत्रव्यवहाराने करण्यात त्याचे दोन महिने गेले. तिथे असताना ती एका अर्जात झाली असती. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींनी तर ही तपासणी आवर्जून करावी.

अर्ज ऑस्ट्रेलियाच्या कर कार्यालयाच्या, म्हणजे एटीओच्या, संकेतस्थळावर करायचा असतो. तो विनामूल्य आहे, आणि व्हिसाची स्थिती तिथूनच पडताळली जात असल्याने एजंटाला पैसे मोजण्याचे कारण नाही. फंडाने पासपोर्टची प्रमाणित प्रत मागितल्यास कोणाचा शिक्का चालेल हे आधी लेखी विचारून घ्यावे. गावातल्या नोटरीचा शिक्का चालणार असेल, तर मुंबईच्या ऑस्ट्रेलियन वाणिज्य दूतावासापर्यंतची रात्रीची गाडी तेवढी वाचते. अर्ज सर्व कागदांसह पूर्ण झाल्यावर फंडाने २८ दिवसांत रक्कम द्यायची असते.

कराबाबत मात्र मनाची तयारी ठेवावी. विद्यार्थी किंवा नोकरीच्या व्हिसावरील व्यक्तीच्या सर्वसाधारण फंडातील रकमेवर ३५ टक्के कर कापला जातो, म्हणजे ८,००० डॉलरपैकी ५,२०० हाती येतात. वर्किंग हॉलिडे प्रकारच्या, म्हणजे फिरता फिरता काम करू देणाऱ्या, व्हिसावर, ज्यात भारतीयांना मिळणारा ४६२ वर्गही येतो, असताना भरलेला पैसा खात्यात असेल, तर हाच दर ६५ टक्के होतो आणि त्याच रकमेतून केवळ २,८०० डॉलर उरतात. इतका कर पाहून काही जण अर्जच करत नाहीत, पण उरलेली रक्कमही आपल्याच घामाची आहे.

देश सोडून आणि व्हिसा संपून सहा महिने उलटले, तर फंड ती रक्कम एटीओकडे सोपवतो. अशा वेळी घाबरण्याचे कारण नाही. ती बुडत नाही, पुढे एटीओकडूनच मागता येते.

पैसे मिळाल्यावर कापलेल्या कराचा दाखला जपून ठेवावा आणि आपल्या सीएला दाखवावा. भारतात प्राप्तिकराच्या दृष्टीने ‘सामान्य रहिवासी’ ठरलेल्या व्यक्तीला परदेशातील खाते प्राप्तिकर विवरणपत्राच्या ‘शेड्यूल एफए’मध्ये दाखवावे लागते. त्यामुळे सुपर अजून तिथेच पडून असेल, तर विवरणपत्र भरतानाच सीएला त्याची कल्पना द्यावी.