मराठवाड्यात इलेक्ट्रिक कार घेण्यापूर्वी खर्चाचा आणि सोयीचा हिशेब कसा करावा

इलेक्ट्रिक कार परवडते की नाही, हा प्रश्न बहुतेक लोक शोरूममध्ये जाऊन विचारतात. त्याचे खरे उत्तर मात्र घरच्या वीजबिलात, गाडी उभी राहण्याच्या जागेत आणि महिन्याकाठी होणाऱ्या धावेत असते. या तीन गोष्टी आधी तपासल्या तर कोणती गाडी घ्यावी हे ठरवणे सोपे जाते. त्या न तपासता घेतलेली चांगली गाडीही पुढे डोकेदुखी होऊ शकते. म्हणून छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड, लातूर, धाराशिव, नांदेड, परभणी किंवा हिंगोली, कुठेही राहत असलात तरी पुढील क्रमाने जावे, अशी माझी आग्रहाची सूचना आहे.

पहिली पायरी: गाडी रात्री कुठे उभी राहणार?

स्वतःच्या मीटरवरून वीज घेता येईल अशी स्वतःची जागा, ही या गाडीची पहिली अट आहे. आपल्याकडील जिल्ह्यांच्या आणि तालुक्यांच्या गावी स्वतंत्र घरे आणि रो-हाऊस पुष्कळ असल्यामुळे अनेकांना ही अट सहज पूर्ण करता येते. अपार्टमेंटमध्ये राहणाऱ्यांनी पार्किंगच्या ठिकाणी स्वतःच्या मीटरची वायर आणण्याची परवानगी सोसायटीकडून लेखी घ्यावी आणि ती हातात पडेपर्यंत गाडीच्या बुकिंगची रक्कम भरू नये. भाड्याच्या घरात घरमालकाचीही लेखी संमती हवी. केवळ सार्वजनिक चार्जिंगच्या भरवशावर गाडी घेण्याचा सल्ला मी मराठवाड्यात कोणालाही देणार नाही.

दुसरी पायरी: वीजबिल समोर ठेवून प्रति किलोमीटर खर्च काढा

महावितरणचा घरगुती दर टप्प्यांनी वाढतो: 0 ते 100 युनिट, 101 ते 300, 301 ते 500 आणि त्यापुढे. पहिल्या टप्प्यातून दुसऱ्यात जाताना दर जवळजवळ दुप्पट होतो आणि तिसऱ्यात तो आणखी चढतो. गाडीला लागणारी वीज घरच्या वापराच्या वर चढते, त्यामुळे तिला घराचा सरासरी दर नव्हे, तर वरच्या टप्प्यांचा दर लागतो. ‘एक रुपयात एक किलोमीटर’ असे सांगणारे विक्रेते नेमकी हीच गोष्ट सोडून देतात.

उदाहरण घेऊ. एका घराचा महिन्याचा वापर 150 युनिट आहे आणि गाडी महिन्याला 1500 किलोमीटर धावते. मध्यम आकाराची गाडी, चार्जिंगमध्ये वाया जाणारी वीज धरून, मीटरवरील एका युनिटमागे साधारण 6 किलोमीटर जाते असे मानले, तर 250 युनिट लागतील. त्यातील 150 युनिट दुसऱ्या टप्प्यात आणि 100 युनिट तिसऱ्या टप्प्यात मोडतील. वहन आकार (वीज घरापर्यंत पोचवण्याचा आकार) आणि वीज शुल्क (विजेवरील सरकारी कर) धरून हे दर अनुक्रमे 13 आणि 18 रुपये मानले, तर गाडीची वीज 3750 रुपयांची होते, म्हणजे किलोमीटरला अडीच रुपये. दर बदलत राहतात, म्हणून हे आकडे न वापरता आपल्या चालू बिलावरचे दर घालून हीच आकडेमोड करावी.

आता पेट्रोल. लिटरला 15 किलोमीटर देणारी गाडी 1500 किलोमीटरसाठी 100 लिटर पिते आणि 105 रुपये भाव धरला तर 10,500 रुपये लागतात. परभणी-नांदेडकडे इंधन मनमाडजवळच्या डेपोतून लांबून येत असल्याने तिथला भाव राज्यातील चढ्या भावांपैकी असतो, त्यामुळे तिकडच्या वाचकांचा फायदा थोडा अधिक होईल. या उदाहरणात महिन्याला 6750 रुपये वाचतात.

तिसरी पायरी: किमतीतला फरक व्याजासह मांडा

इलेक्ट्रिक गाडीवर 1 ऑगस्ट 2019 पासून 5 टक्के जीएसटी आहे. मात्र 22 सप्टेंबर 2025 पासून लहान पेट्रोल गाड्यांवरील कर 18 टक्क्यांवर आल्यामुळे दोन्हींच्या किमतीतली दरी पुन्हा वाढली आहे, आणि त्याआधीच्या तुलना आज लागू पडत नाहीत. इलेक्ट्रिक गाडीच्या कर्जावरील व्याजाची जी आयकर सवलत कलम 80 ईईबीखाली मिळत असे, ती 31 मार्च 2023 पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांनाच होती. नवीन कर्जासाठी ती हिशेबात धरू नये.

समजा, आपल्याला हव्या असलेल्या दोन गाड्यांच्या रस्त्यावर येईपर्यंतच्या किमतीत 3 लाखांचा फरक आहे. ही जादा रक्कम 9 टक्के व्याजाने पाच वर्षांच्या कर्जावर घेतली तर हप्त्यांतून सुमारे 3 लाख 74 हजार रुपये जातात. महिन्याला 6750 रुपये वाचवणाऱ्याचे हे पैसे सुमारे साडेचार वर्षांत वसूल होतात. पण ज्याची गाडी महिन्याला 600 किलोमीटरच धावते, त्याची बचत याच पद्धतीने 2900 रुपयांच्या आसपास येते आणि वसुलीला दहा वर्षांहून अधिक काळ लागतो. नांदेडहून रोज परभणीला जाणारा प्राध्यापक किंवा जालना-संभाजीनगर रोज ये-जा करणारा उद्योजक यांच्यासाठी ही गाडी फायद्याची आहे. गावातल्या गावात आणि सणावारी गाडी काढणाऱ्याने ती पैसे वाचवण्यासाठी घेऊ नये.

विम्यात दोन बाजू आहेत. तृतीय पक्ष विम्याचा हप्ता इलेक्ट्रिक गाडीला 15 टक्क्यांनी कमी आहे. 30 ते 65 किलोवॉट क्षमतेच्या मोटरच्या गाडीसाठी 2022 च्या दरपत्रकात तो 2904 रुपये होता. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा हप्ता मात्र किंमत जास्त असल्याने वाढतो. इंजिन ऑइल, क्लच, फिल्टर यांचा खर्च नसल्याने सर्व्हिसिंग स्वस्त पडते; गाडी वजनदार असल्याने टायर मात्र लवकर झिजतात.

चौथी पायरी: घरची वायरिंग आणि अर्थिंग

या पायरीवर सर्वांत जास्त लक्ष द्यावे, कारण चार्जिंगच्या तक्रारींचे मूळ पुष्कळदा गाडीत नसून घरात असते.

गाडीसोबत मिळणारा साधा चार्जर 15 अँपिअरच्या सॉकेटवर चालतो आणि तासाला सुमारे 3 युनिट वीज घेतो. दिवसाला 50-60 किलोमीटर फिरणाऱ्याला रात्रीचे तीन-चार तास पुरतात, म्हणून 7.2 किलोवॉटच्या भिंतीवरील चार्जरचा खर्च प्रत्येकाला करावाच लागतो असे नाही. दोन्हींपैकी काहीही निवडले तरी मीटरपासून पार्किंगपर्यंत स्वतंत्र वायर ओढावी. साध्या चार्जरसाठी 4 चौरस मिलिमीटरची आणि मोठ्यासाठी किमान 6 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, स्वतंत्र एमसीबी (जादा भार आल्यास वीज तोडणारा स्विच) आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीजगळती झाल्यास वीज तोडणारा स्विच) परवानाधारक वायरमनकडून बसवून घ्यावा. कूलरसाठी काढलेल्या सॉकेटवर रात्रभर गाडी लावू नये. सलग कित्येक तास भार राहिल्याने जुने सॉकेट तापते आणि वितळते.

बिलावर ‘मंजूर भार’, म्हणजे एका वेळी किती वीज वापरण्याची परवानगी आहे ते, लिहिलेला असतो. तो कमी असेल तर महावितरणकडे वाढवून घ्यावा. 2024 मध्ये दुरुस्त झालेल्या केंद्राच्या वीज ग्राहक हक्क नियमांनुसार गाडीच्या चार्जिंगसाठी स्वतंत्र जोडणीही मागता येते. ज्यांचा घरचा वापरच 300 युनिटच्या पुढे आहे, त्यांनी त्या जोडणीचा दर विचारून तुलना जरूर करावी.

अर्थिंगचा प्रश्न आपल्या भागात विशेष आहे. काळ्या मातीखाली लगेच बेसाल्टचा खडक लागतो, उन्हाळ्यात माती कोरडी पडून भेगाळते आणि अर्थिंगचा रोध (वीज जमिनीत जाण्याला होणारा अडथळा) वाढतो. अर्थिंग कमकुवत असल्याचे कळताच चार्जर सुरक्षिततेसाठी वीज घेणे थांबवतो आणि मालकाला वाटते, गाडी बिघडली. म्हणून अर्थिंगचा खड्डा जमेल तितका खोल घेऊन त्यात योग्य भराव घालावा, उन्हाळ्यात त्यात पाणी टाकत राहावे आणि गाडी येण्याआधी रोध मोजून घ्यावा.

गावात राहणाऱ्यांनी आपले घर गावठाण फीडरवर (वस्तीला वीज देणाऱ्या वाहिनीवर) आहे की शेतीच्या, याची लाईनमनकडे खात्री करावी. शेतीच्या फीडरला दिवसातले ठराविक तासच वीज असते, आणि शेतीपंपाच्या जोडणीवर गाडी चार्ज करणे नियमबाह्य आहे. डीपीवर (गावातल्या ट्रान्सफॉर्मरवर) भार जास्त असेल तर संध्याकाळी विजेचा दाब (व्होल्टेज) घसरतो. अशा ठिकाणी मध्यरात्रीनंतर चार्जिंग सुरू होईल अशी वेळ गाडीत लावून ठेवावी. मे-जूनच्या वादळात खांब पडून एखाद-दोन दिवस वीज जाण्याची शक्यता असते, तेव्हा त्या महिन्यांत बॅटरी 40 टक्क्यांखाली जाऊ न देणे शहाणपणाचे.

पाचवी पायरी: छतावरील सौर संच

मराठवाड्याला पाणी कमी मिळाले, ऊन मात्र भरपूर मिळाले आहे, आणि गाडीचा हिशेब खऱ्या अर्थाने बदलतो तो इथेच. 1 किलोवॉटचा संच दिवसाला सरासरी 4 युनिट देतो असे धरले, तर 3 किलोवॉटचा संच महिन्याला सुमारे 350 युनिट देईल. फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत 3 किलोवॉटच्या संचाला 78,000 रुपये अनुदान आहे. वरच्या उदाहरणातील घर आणि गाडी मिळून 400 युनिट लागतात. नेट मीटरिंगमुळे (महावितरणला दिलेली जादा सौर वीज आपल्या वापरातून वजा होण्याच्या सोयीमुळे) त्यातील बहुतेक भागतात आणि उरलेले पहिल्याच टप्प्यात राहतात. हातात मर्यादित पैसे असतील तर गाडीचे वरचे मॉडेल घेण्याऐवजी खालचे मॉडेल आणि सौर संच घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

सहावी पायरी: पल्ला आणि लांबचा प्रवास

पल्ला म्हणजे एका पूर्ण चार्जिंगमध्ये गाडी जाते ते अंतर. कंपनी सांगते त्या पल्ल्याच्या 65 ते 75 टक्के पल्लाच प्रत्यक्षात धरावा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी 80 ऐवजी 120 ने गेल्यास तो सव्वादोन पट होतो. त्यामुळे समृद्धी महामार्गावर मोकळा रस्ता पाहून वेग वाढवणाऱ्याचा पल्ला झपाट्याने घटतो. तिथे आत-बाहेर जाण्याची ठिकाणे ठराविक असल्याने चार्जिंगचा थांबा मार्गावर चढण्यापूर्वीच नक्की करावा. राज्याच्या 2025 च्या इलेक्ट्रिक वाहन धोरणात या महामार्गावर अशा गाड्यांना टोलमाफी जाहीर झाली आहे. फास्टॅगमधून पैसे कापले जात नाहीत ना, हे प्रत्येक प्रवासानंतर पाहावे.

संभाजीनगर ते पुणे हे अंतर सुमारे 235 किलोमीटर आहे. प्रत्यक्षात 250 किलोमीटर जाणाऱ्या गाडीनेही ते एका दमात कापण्याचा धोका पत्करू नये. अहिल्यानगरला जेवणाच्या वेळी थांबून चार्जिंग करावे. 40 युनिटची बॅटरी 20 वरून 80 टक्क्यांवर नेण्यास 30 किलोवॉटच्या चार्जरवर साधारण 50 मिनिटे लागतात. 80 टक्क्यांनंतर वेग मंदावतो, म्हणून तिथेच निघावे. घाटही लक्षात घ्यावा: कन्नडचा घाट उतरून चाळीसगावला जाताना बॅटरीत थोडी वीज परत जमा होते, परतीच्या चढाला तीच गाडी बरीच जास्त वीज खाते.

नकाशावर चार्जर दिसतो म्हणजे तो चालू असतो असे नव्हे. अ‍ॅपवर तिथे शेवटचे चार्जिंग कधी झाले ते पाहावे, शक्य असल्यास फोन करावा आणि दुसरा पर्याय 30-40 किलोमीटरच्या आत ठेवावा. सार्वजनिक चार्जिंगचा दर घरच्यापेक्षा चढा असल्याने लांबच्या प्रवासातली बचत कमी होते, हेही गृहीत धरावे.

सातवी पायरी: ऊन, पाणी आणि वॉरंटी

एप्रिल-मेमध्ये पारा 42 अंशांपलीकडे जातो. पूर्ण भरलेली बॅटरी उन्हात दिवसचे दिवस उभी ठेवल्याने ती लवकर झिजते. त्यामुळे गाडी सावलीत किंवा पत्र्याच्या शेडखाली लावावी आणि दुपारच्या उन्हातून आल्याआल्या चार्जिंगला न लावता थोडी निवू द्यावी. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी उष्णता तुलनेने चांगली सोसते. खरेदीपूर्वी बॅटरीचा प्रकार आणि तिला द्रवाने थंड ठेवण्याची सोय आहे का, हे विचारावे.

सप्टेंबर 2025 च्या अतिवृष्टीत बीड, धाराशिव, नांदेड भागात रस्ते आणि पूल पाण्याखाली गेले होते. अशा पाण्यातून गाडी नेऊ नये. गाडी पाण्यात उभी राहिलीच, तर तपासणी होईपर्यंत ती सुरू करू नये आणि चार्जिंगलाही लावू नये. विमा घेताना पाण्याने बॅटरीचे झालेले नुकसान, तसेच चार्जर, त्यात धरलेला आहे का, हे पॉलिसीच्या कागदावर वाचावे, तोंडी आश्वासन पुरेसे नाही.

बॅटरीची वॉरंटी बहुतेक गाड्यांना 8 वर्षे किंवा 1,60,000 किलोमीटर असते. क्षमता किती टक्क्यांखाली गेल्यास बॅटरी बदलून मिळते, दुसऱ्या मालकाला वॉरंटी तशीच लागू राहते का, आणि बॅटरी-मोटरसारख्या उच्च दाबाच्या विजेवर चालणाऱ्या भागांची दुरुस्ती आपल्या जिल्ह्यात होते की गाडी संभाजीनगर-पुण्याला न्यावी लागते, या तीन प्रश्नांची उत्तरे वितरकाकडून लेखी घ्यावीत. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर समाधानकारक नसेल, तर थोडी कमी आवडलेली पण जवळ सर्व्हिस सेंटर असलेली गाडी निवडावी.