स्टार्टरची पेटी उघडण्याआधी

विहिरीवरच्या मोटरचा स्टार्टर दुरुस्त करायचा म्हटलं की बहुतेक जण लाईट जायची वाट बघतात. इथेच चुकतं. लाईट नसताना टेस्टर काहीच दाखवत नाही, मग मेन स्विचचं एखादं पातं आत चिकटून राहिलंय हे कळणार कसं? वर अनेक फीडरवर (गावाकडे वीज आणणाऱ्या लाईनवर) थ्री फेजची पाळी संपली तरी सिंगल फेज चालूच असतो. म्हणून काम दिवसाच्या पाळीत, सप्लाय असताना धरा आणि तो आपल्या हाताने तोडा. काम परवानाधारक वायरमननेच करायचं.

आदल्या दिवशी जमवायचं सामान: मेन स्विचच्या दांड्याला बसेल असं कुलूप, कोरडी लाकडी फळी, रबरी हातमोजे (हवा भरून पिळा, फुसफुसलं तर टाकून द्या) आणि टेस्ट लॅम्प. टेस्ट लॅम्पला 230 व्होल्टचे सारख्याच वॅटचे दोन बल्ब सिरीजमध्ये जोडा. दोन फेजांमध्ये 415 व्होल्ट असतात, एकटा बल्ब फुटतो. खिशातल्या निऑन टेस्टरवर विसंबू नका. उन्हात त्याचा दिवा दिसत नाही, आणि कोरड्या जाड चपलेवर उभं राहिलं की तो मंदच लागतो.

मोटर बंद करा, मग ऑटो बंद करा. ऑटो विसरला तर सप्लाय परत येताच मोटर आपोआप फिरते. आता मेन स्विच खाली ओढा, तिन्ही किटकॅट (फ्यूज) काढून स्वतःच्या खिशात ठेवा, दांड्याला कुलूप घाला, किल्लीही खिशातच. एकच किटकॅट काढून भागत नाही: उरलेल्या दोन फेजांचा करंट मोटरच्या वाइंडिंगमधून फिरून ‘मेलेल्या’ टर्मिनलवर येतो.

कंडेन्सर (वीज साठवणारा कपॅसिटर) असेल तर पाच मिनिटं थांबा, नंतर टेस्ट लॅम्पच्या टोकांनी त्यात साठलेली वीज उतरवा. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करायची सवय वाईट. ठिणगी तोंडावर येते.

मग तपासणी. टेस्ट लॅम्प आधी मेन स्विचच्या येणाऱ्या बाजूला लावून पेटतो ना ते बघा. नंतर स्टार्टरचे तिन्ही फेज एकमेकांत आणि प्रत्येक फेज अर्थिंगशी लावा. शेवटी पुन्हा येणाऱ्या बाजूला. मधल्या काळात बल्ब उडाला असेल तर तो इथे कळतो. ती बाजू जिवंतच असते, तिथे हात नको.

दोष मेन स्विचमध्येच निघाला तर थांबा. डीपीवर (ट्रान्सफॉर्मरच्या खांबावर) चढणं, फ्यूज ओढणं आपलं काम नाही. वर 11,000 व्होल्ट आहेत. 1912 वर फोन करून लाईनमन बोलवा.

सोबतचा माणूस नुसता बघ्या नको. शॉक बसला तर मेन स्विच पाडायचा, तोवर अंगाला हात लावायचा नाही, 108 ला फोन करायचा आणि श्वास थांबला असेल तर छातीच्या मधोमध मिनिटाला 100 ते 120 वेळा, 5 ते 6 सेंटिमीटर दाबत राहायचं, हे त्याच्याकडून पेटी उघडण्याआधी म्हणवून घ्या. विहिरीवर मोबाईलला रेंज कुठे मिळते, तेही त्याला दाखवून ठेवा.