अंगठ्यांच्या कीबोर्डवर इनस्क्रिप्ट बसवताना

माझा हातात मावणारा संगणक रास्पबेरी पाय या छोट्या संगणक-बोर्डवर चालतो. कीबोर्ड अंगठ्यांनी दाबायचा, इंग्रजी अक्षरांपलीकडे बटणं जेमतेम. इनस्क्रिप्ट या भारतीय भाषांसाठीच्या प्रमाणित कीबोर्ड मांडणीत च, ट, ड आणि य ही अक्षरं अर्धविराम, अवतरणचिन्ह, चौकटी कंस आणि तिरक्या रेषेच्या बटणांवर असतात. इथे ती सगळी एफएन ही जोडकळ सोबत दाबूनच मिळतात. मराठीत 'च्या' किती वेळा येतं बघा; प्रत्येक वेळी दोनदा एफएन! लिहिण्याची लयच तुटते.

उच्चारानुसार टंकनाकडे वळायचं नव्हतं. इनस्क्रिप्टमध्ये स्वर डावीकडे, बहुतेक व्यंजनं उजवीकडे. दोन अंगठे आळीपाळीने चालतात. हे मला जपायचं होतं.

मग लिनक्सच्या एक्सकेबीची (कोणत्या बटणावर कोणतं अक्षर हे ठरवणारी यंत्रणा) देवनागरी फाइल घरच्या फोल्डरात कॉपी करून बदलली. झेडवर मराठीला रोज न लागणारी खूण असते, तिथे य आणला. क्यूवरच्या ौ च्या जागी च, डब्ल्यूवरच्या ै च्या जागी ट. शिफ्टने अर्थातच छ आणि ठ. ौ आणि ै उजव्या ऑल्टसह ो आणि े च्याच बटणांवर ठेवले, म्हणजे शोधावे लागत नाहीत. उजवा ऑल्ट आणि ट मिळून ड. त्यातच शिफ्ट धरली की ढ. त्यासाठी या बटणांचा प्रकार चार पातळ्यांचा (एका बटणावर चार अक्षरं: साधं, शिफ्टसह, उजव्या ऑल्टसह आणि दोन्हींसह) करावा लागतो, आणि तिसऱ्या पातळीची कळ म्हणून उजवा ऑल्ट जाहीर करावा लागतो. ही ओळ राहिली तर ौ उमटतच नाही.

च आणि य डाव्या अंगठ्याकडे गेल्याने आळीपाळी थोडी बिघडते, तरी एफएनपेक्षा हे कितीतरी बरं. इंग्रजी J च्या बटणावर शिफ्टने येणारा ऱ मात्र जिथल्या तिथे ठेवा. 'दुसऱ्या' त्याशिवाय नीट लिहिता येत नाही.