ग्रुप प्रोजेक्टमध्ये 'माझं काम' कसं लिहायचं? डिझाईनच्या मुलांसाठी

गोव्यात डिझाईन शिकणारी मुलं पणजीला आल्तिनोवर आर्ट कॉलेजात असोत, आर्किटेक्चरला असोत नाहीतर एखाद्या प्रायव्हेट इन्स्टिट्यूटमध्ये, ग्रुप प्रोजेक्ट कुणालाच चुकत नाही. शीट्स लागतात, मॉडेल टेबलावर जातं, जरा हुश्श होतं आणि मग सर सांगतात की आता प्रत्येकाने दोन पानं लिहून द्या, यात तुमचं स्वतःचं काँट्रिब्युशन काय आणि त्यातून काय शिकलात. इथे चांगली चांगली मुलं अडकतात. ज्याने रात्र रात्र बसून डायलाईन (बॉक्स कुठे कापायचा, कुठे दुमडायचा त्याचं सपाट ड्रॉइंग) काढली तो लिहितो 'आम्ही सर्वांनी मिळून मेहनत घेतली', आणि दुसरा कुणीतरी कामांची यादी देतो, मी लोगो केला, मी पीपीटी केली, मी प्रिंट आणले. दोन्ही वाचून सरांना काहीच कळत नाही.

माझं म्हणणं एवढंच की लिहायला बसण्याआधी स्वतःला एक प्रश्न विचारा: मी या ग्रुपमध्ये नसतो तर हे प्रोजेक्ट नक्की कुठे वेगळं झालं असतं? किती तास काम केलं ते बाजूला ठेवा, कुठला निर्णय तुमच्यामुळे बदलला ते शोधा. तुमचं काँट्रिब्युशन तिथे असतं.

उदाहरण घेऊया. समजा तुम्ही चौघांनी खाज्याचं पॅकेजिंग घेतलंय. जत्रेत, फेस्ताला मिळतं ते आपलं खाजं, बेसन, गूळ, आलं, २०२१ साली जीआय टॅगही मिळालाय त्याला. एकजण फेरीत जाऊन खाजेकारांशी बोलून आली, एकाने लेटरिंग आणि लोगो केला, तुम्ही बॉक्सची डायलाईन केली, चौथीने प्रिंटर आणि खर्च सांभाळला. आता 'मी डायलाईन केली' हे खरं आहे पण ते काम झालं, काँट्रिब्युशन नाही. काँट्रिब्युशन कुठे आहे बघा: पहिलीच्या नोट्समध्ये एक ओळ होती की खाजेकार मावशी कागदात बांधून देताना गिऱ्हाईकाला सांगते, घरी गेल्यावर लगेच डब्यात काढ. ती ओळ सगळ्यांनी वाचली, पण तुम्ही विचारलंत की लगेच का? मग कळलं की पावसाळ्यात गूळ हवेतला ओलावा ओढतो आणि खाजं चिकट होतं. तुम्ही घरी किचनच्या ओट्यावर साधा कागद, बटर पेपर आणि प्लास्टिकची पिशवी यांत दोन दोन खाजी ठेवून बघितली, सकाळी साध्या कागदाला गूळ चिकटलेला, कागद ओढला तर फाटून खाज्यालाच लागून राहिला. तेव्हा आत बटर पेपरची सील केलेली पिशवी घालायचं ठरलं, त्यामुळे बॉक्सला समोरून जी मोठी पारदर्शक खिडकी हवी होती ती गेली कारण आतलं आता दिसणारच नव्हतं, आणि लेटरिंगवाल्याला पूर्ण समोरची बाजू नव्याने करावी लागली. हे सगळं लिहा. ओळ कुणाच्या नोट्समधली होती ते नाव घेऊन लिहा, खिडकी गेल्यामुळे मित्राचं काम वाढलं तेही लिहा. दुसऱ्याचं नाव घेतलं की आपलं काम छोटं होतं असं बऱ्याच मुलांना वाटतं, मला तर उलटंच वाटतं, ज्याला दुसऱ्याचं काम नीट सांगता येतं त्याने स्वतःचं सांगितलेलं लगेच पटतं.

पुढचं, आठवणीवर भरवसा ठेवू नका. १९७९ साली रॉस आणि सिकोली नावाच्या दोन संशोधकांनी नवरा-बायकोंना वेगवेगळं विचारलं होतं की घरातलं कुठलं काम तुम्ही किती करता, आणि दोघांच्या उत्तरांची बेरीज बहुतेक जोडप्यांत शंभर टक्क्यांच्या वर गेली. कुणी खोटं बोलत नव्हतं, आपण केलेलं आपल्याला पटकन आठवतं, समोरच्याने केलेलं आठवत नाही, एवढंच. ग्रुपमध्ये हेच होतं. तुम्ही हे स्वतः करून बघू शकता, चौघांनी न बोलता चिठ्ठीवर स्वतःचा वाटा टक्क्यांत लिहायचा आणि मग बेरीज करायची. भांडायला नाही हां, बेरीज जास्त आली की कुठलं काम दोघांनाही आपलंच वाटतंय ते शोधायला. बहुतेक वेळा तिथे दोघांनी मिळून काहीतरी सोडवलेलं असतं आणि लिहिण्यासारखं तेच असतं.

म्हणून पुरावा आधी गोळा करा, लिहिणं नंतर. गुगल डॉक्समध्ये फाईल मेन्यूत व्हर्जन हिस्ट्री असते, कुणी काय कधी बदललं ते रंगासकट दिसतं. फिग्मा या डिझाईनच्या ॲपमध्येही व्हर्जन हिस्ट्री आहे पण फ्री प्लॅनला शेवटच्या ३० दिवसांपर्यंतचीच दिसते, म्हणजे सेमिस्टरच्या शेवटी पहिल्या महिन्यातलं काही सापडत नाही, तर दर आठवड्याला मेन फ्रेम्सचे स्क्रीनशॉट काढून तारखेच्या फोल्डरमध्ये टाकायची सवय लावा. व्हॉट्सॲप ग्रुपवर 'खिडकी', 'बॉक्स' असं काहीतरी सर्च केलं की आयडिया पहिल्यांदा कुणी टाकली ते तारखेसकट मिळतं. आणि रिजेक्ट झालेली मॉडेल्स फेकू नका प्लीज, निदान फोटो काढून ठेवा, फायनल मॉडेल सगळ्यांचं असतं पण मधल्या तीन वाकड्या बॉक्सवरून तुमचा विचार कसा सरकला ते दिसतं.

न दिसणाऱ्या कामाबद्दल मला जरा जास्त बोलायचंय. प्रिंटरला दहा फोन करणं, मावशीशी कोंकणीतून बोलून मराठीत नोट्स काढणं आणि त्याच रात्री इंग्लिशमध्ये शीटवर टाकणं, दोघांचं वाजलं की मध्ये पडून मीटिंग पुढे नेणं, हे कुणी काँट्रिब्युशनमध्ये धरतच नाही, आणि माझ्या बघण्यात तरी हे काम बहुतेक वेळा मुलीच करतात आणि लिहिताना 'मी फक्त कोऑर्डिनेशन केलं' असं लिहून मोकळ्या होतात. तो 'फक्त' काढा. रिसर्च पेपरमध्ये कुणी काय केलं ते सांगायला क्रेडिट नावाची पद्धत वापरतात, तिच्यात १४ प्रकारचे रोल आहेत आणि प्रोजेक्ट ॲडमिनिस्ट्रेशन हा त्यातला एक स्वतंत्र रोल आहे, साहित्य मिळवून देणं हाही वेगळा. ती यादी समोर ठेवून आपल्या ग्रुपचे रोल काढा, बरंच काही सापडेल. पण इथेही प्रश्न तोच, तुमच्या कोऑर्डिनेशनमुळे काय बदललं? प्रिंटरने सांगितलं की हा कागद घडीवर तडकतो, ते तुम्ही वेळेत ग्रुपपर्यंत आणलंत म्हणून कागद बदलला, असं लिहिलं की ते काम डोळ्यांसमोर येतं.

ही दोन पानं, म्हणजे रिफ्लेक्शन, लिहायला बरेच टीचर गिब्ज मॉडेल देतात, १९८८ चं, सहा पायऱ्यांचं: काय झालं, काय वाटलं, काय बरं काय वाईट, असं का झालं, निष्कर्ष, पुढच्या वेळी काय. चांगलं आहे, फक्त सहा हेडिंग करून प्रत्येकाखाली चार ओळी असं भरू नका. 'काय झालं' चार-पाच ओळींत आटपा, 'काय वाटलं' एक-दोन ओळी पण खऱ्या, आणि सगळा जोर 'असं का झालं' वर. मुलं नेमकं तेच एका वाक्यात उरकतात, 'टाईम कमी पडला'. टाईम सगळ्यांनाच कमी पडतो हो. का कमी पडला? कारण कागदाची टेस्ट डायलाईन फायनल झाल्यावर केली, आधी केली असती तर डायलाईन एकदाच झाली असती. हे कारण कळलं की 'पुढच्या वेळी काय' आपोआप येतं: मटेरियलची टेस्ट पहिल्या आठवड्यात.

गाड्याबरोबर नळ्याची यात्रा करणारा एकजण ग्रुपमध्ये असतो, त्याचं काय करायचं? त्याची तक्रार रिफ्लेक्शनमध्ये लिहू नका, ती सरांना वेगळी सांगा आणि सेमिस्टर चालू असतानाच सांगा, शेवटी सांगून काही उपयोग नसतो. रिफ्लेक्शनमध्ये एवढंच येऊ दे की एक काम कुणाकडेच नव्हतं, ते कसं लक्षात आलं आणि तुम्ही काय केलंत.

आता एक नमुना. आधी असं असतं: 'मी पॅकेजिंगवर काम केलं. आम्हाला खूप अडचणी आल्या पण टीमवर्कमुळे आम्ही त्यावर मात केली. मी खूप काही शिकलो.' त्याऐवजी: 'इंटरव्ह्यूच्या नोट्समध्ये खाजं लगेच डब्यात काढायला सांगतात असं होतं. मी तीन प्रकारच्या पॅकिंगमध्ये रात्रभर खाजी ठेवून बघितली आणि बटर पेपरचं आतलं पाकीट सुचवलं. त्यामुळे समोरची खिडकी काढावी लागली आणि लेटरिंग पुन्हा झालं. टेस्ट मी उशिरा केली, बॉक्सचा आकार ठरण्याआधी करायला हवी होती.' वाक्यं साधीच आहेत, पण यातलं प्रत्येक वाक्य फक्त या प्रोजेक्टबद्दलच लिहिता येतं. तुमचं वाक्य दुसऱ्या ग्रुपच्या रिपोर्टमध्ये जसंच्या तसं चालत असेल तर ते खोडा.

देण्याआधी ग्रुपला वाचायला द्या. प्रत्येकाने आपलं नाव आलंय ती जागा बघायची आणि तसं झालं होतं का एवढंच सांगायचं, भाषा कुणी बदलायची नाही. आणि व्हायवाला जाताना तो गूळ चिकटलेला कागद किंवा त्याचा फोटो बरोबर न्या, कारण टेस्टबद्दल लिहिलंय म्हटल्यावर कुणीतरी विचारणारच, दाखव बघू.