पाऊस सरल्यावर गोव्यात लँडस्केप फोटो: नवीन गिअर घेऊन बाहेर कसं पडायचं

गोव्यातला शरद बघायचा तर शेतात जायचं. जंगल ऑक्टोबरात अजून हिरवंगार असतं, पण सरद (पावसाळ्यातलं) भात पिकून पिवळं झालेलं असतं, सड्यावरचं, म्हणजे खडकाळ पठारावरचं, गवत सोनेरी होऊन हळूहळू तपकिरी पडत जातं, नद्यांचं गढूळ पाणी निवळायला लागतं, आणि दुपारनंतर सह्याद्रीच्या बाजूला जे ढगांचे डोंगर उभे राहतात ते पावसाळ्यात कधी दिसत नाहीत कारण तेव्हा सगळं आभाळच राखाडी असतं. परतीचा पाऊस एखादी सर टाकून गेला की हवेतली धूळ बसते आणि त्या संध्याकाळी लांबचे डोंगर एकदम स्वच्छ दिसतात. हे सगळं मिळून जेमतेम महिना-दीड महिना टिकतं, त्यातही भाताचा पिवळा रंग फारच थोडे दिवस, कारण मशीन शेतात उतरलं की सकाळी उभं असलेलं भात संध्याकाळपर्यंत गेलेलं असतं.

आणि नेमकं ह्याच काळात दसरा-दिवाळीचे सेल असतात, त्यामुळे हातात नवीन लेन्स नाहीतर फिल्टर नाहीतर ट्रायपॉड आलेला असतो. माझं ह्याबाबत एकच ठाम म्हणणं आहे, ते म्हणजे नवीन वस्तू आणि नवीन जागा एकाच दिवशी घ्यायची नाही. जी जागा तुम्हाला पाठ आहे, जिथे सूर्य कुठून येतो आणि विजेच्या तारा कुठे आडव्या येतात हे डोळे मिटून सांगू शकता, तिथेच नवीन गिअर न्यायचं, आणि एका वेळी एकच. लेन्स आणि फिल्टर दोन्ही नवीन असतील आणि फोटो मऊ, म्हणजे अस्पष्ट, आला, तर दोष कुणाचा हे घरी येऊन कळणारच नाही.

आधी घराच्या आवारात बघून घ्या

लेन्स ऑनलाइन घेतली असेल तर परत करायची मुदत संपायच्या आत तपासायची. त्यासाठी चार्ट वगैरे काही लागत नाही, न गिलावलेली चिऱ्याची (जांभ्या दगडाची) भिंत आपल्याकडे कुठेही सापडते आणि जांभ्याचा खडबडीतपणा ह्या कामाला एकदम बेस्ट आहे. कॅमेरा ट्रायपॉडवर, भिंतीला अगदी समांतर, दोन सेकंदांचा टायमर लावून एक फोटो सगळ्यात मोठ्या ॲपर्चरला (लेन्समधलं उजेड आत सोडणारं छिद्र, एफचा आकडा मोठा तितकं ते लहान), एक एफ ८ ला, एक एफ ११ ला. मग कॉम्प्युटरवर शंभर टक्के झूम करून चारही कोपरे बघा. चारही कोपरे सारखेच थोडे मऊ असतील तर तो त्या लेन्सचा स्वभाव आहे, पण एकच कोपरा बाकीच्यांपेक्षा स्पष्टपणे मऊ असेल तर आधी कॅमेरा खरंच समांतर होता का ते बघून परत एकदा काढा, तरी तसंच येत असेल तर आतली काच सरकलेली आहे, लेन्स परत पाठवा, एफ ११ ला ठीक येतंय म्हणून ठेवून घेऊ नका.

भाड्याने आणलेल्या लेन्सचं मात्र आधी फंगस बघायचं. लेन्सच्या मागून मोबाइलचा टॉर्च मारून पुढून तिरकं बघा, कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर तिथेच सांगून दुसरी मागा. चार महिने पावसात राहिलेल्या गिअरला आपल्या हवेत हे होतंच. आणि तुमच्या स्वतःच्या सेन्सरवरची धूळ बघायला एफ २२ ला, फोकस मुद्दाम घालवून, निळ्या आभाळाचा एक फोटो काढा, काळे ठिपके दिसले तर बाहेर पडायच्या आधी साफ करून घ्या कारण ह्या सीझनमध्ये तुमच्या प्रत्येक फोटोत आभाळ असणार आहे.

जागा आणि वेळ

सुरुवातीला दिवाडी बेट घ्या. जुने गोवेहून फेरीबोटीने पलीकडे गेलं की दोन्ही बाजूंना खाजन शेती, म्हणजे नदीचं खारं पाणी बांध घालून आणि मानशीची (पाणी आत-बाहेर सोडायच्या झडपेची) दारं लावून अडवलेली सपाट जमीन, आणि मांडवीपलीकडे जुन्या गोव्याच्या चर्चचे मनोरे. पिएदादच्या टेकडीवर चढलात तर हेच सगळं वरून दिसतं. पहिली फेरी किती वाजता सुटते ते आदल्या दिवशी धक्क्यावर विचारून ठेवा. चोडण बेटावर जायचं असेल तर रायबंदरहून.

ऑक्टोबरच्या मध्यावर पणजीत सूर्य साधारण सकाळी ६.२५ ला उगवतो आणि संध्याकाळी ६.१५ च्या आसपास मावळतो. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात हेच ६.४० आणि ६ होतं, आणि मावळायची जागा चांगलीच दक्षिणेकडे सरकलेली असते, त्यामुळे मे महिन्यात ज्या खडकामागे सूर्यास्त मिळाला होता तिथे तो आता मिळणार नाही. फोटोपिल्ससारखं ॲप असेल तर आदल्या दिवशी दिशा बघून घ्या. सूर्योदयाच्या अर्धा तास आधी ट्रायपॉड उभा असला पाहिजे.

समुद्रावर जायचं तर भरती-ओहोटीचं वेळापत्रक सूर्यास्ताच्या वेळेइतकंच महत्त्वाचं. हणजुणेचे काळे खडक ओहोटीलाच नीट उघडे पडतात आणि त्यांच्यामधल्या डबक्यांत आभाळ उतरतं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास ओहोटी जास्त खोल जाते, भरतीही तेवढीच वर येते, तेव्हा पाठीमागचा परतीचा रस्ता पाण्याखाली जाणार नाही ना हे बघूनच खडकावर उभं राहायचं. शापोरा किल्ला आणि काणकोणचा काब द राम इथे ही भानगड नाही, पण वारा असतो.

कोजागिरीच्या आदल्या संध्याकाळी जरूर बाहेर पडा. पौर्णिमेला चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो आणि तो डोंगराच्या वर येईपर्यंत खालची जमीन काळी पडलेली असते, आदल्या दिवशी तो साधारण पाऊण तास लवकर येतो, म्हणजे शेतावर अजून उजेड आणि वर चंद्र असं दोन्ही एकाच एक्स्पोजरमध्ये बसतं.

पोलरायझर, आणि मग एनडी

एकच फिल्टर घ्यायचा असेल तर पोलरायझर घ्या. भाताची पाती, ओली पानं, माडाच्या झावळ्या ह्या सगळ्यांवर एक पांढरट चकाकी असते, पोलरायझर फिरवला की ती जाते आणि खालचा खरा रंग वर येतो, हे नंतर सॉफ्टवेअरमध्ये करता येत नाही. सूर्य तुमच्या उजव्या किंवा डाव्या खांद्याकडे असेल तेव्हा त्याचा परिणाम सगळ्यात जास्त, सूर्य समोर किंवा पाठीमागे असेल तर आभाळावर जवळजवळ काहीच नाही, मग तो काढून ठेवा कारण एक-दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) उजेड फुकट खातो. वाइड लेन्सवर निळ्या आभाळात एक गडद पट्टा येतो, तो स्क्रीनवर पटकन लक्षात येत नाही आणि घरी आल्यावर नुसता खुपत राहतो, म्हणून फुल फ्रेमवर (मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर) २४ एमएमच्या खाली आभाळ कमी घ्या किंवा फिल्टर थोडा उलटा फिरवून परिणाम अर्धा करा. इंद्रधनुष्य दिसत असेल तर जपून, पोलरायझर ते पुसून टाकू शकतो.

एनडी फिल्टरचं, म्हणजे उजेड कमी करणाऱ्या काळ्या काचेचं, गणित सोपं आहे. सहा स्टॉपचा फिल्टर वेळ ६४ पट करतो, दहा स्टॉपचा जवळपास १००० पट. म्हणजे फिल्टरशिवाय एक साठांश सेकंद येत असेल तर दहा स्टॉपने सोळा सेकंदांच्या आसपास. क्रम असा ठेवा: फ्रेम लावा, फोकस करा, फोकस मॅन्युअलवर टाका, मग फिल्टर चढवा, कारण दहा स्टॉपच्या काळ्या काचेतून बहुतेक कॅमेऱ्यांना फोकस पकडता येत नाही. डीएसएलआर असेल तर मागचा व्ह्यूफाइंडर झाका, तिथून उजेड आत जातो. बरेच लोक तीस सेकंद ठेवून समुद्राचं धुकं करून टाकतात, मला ते आपल्या किनाऱ्यावर पटत नाही, खडकावरून परत जाणाऱ्या पाण्याच्या रेघा अर्ध्या ते एका सेकंदात इतक्या सुंदर येतात की लाट लाटच वाटते, आणि तेवढ्यासाठी संध्याकाळी सहा स्टॉपसुद्धा जास्त होतो, तीन पुरतात.

ट्रायपॉड, फोकस, एक्स्पोजर

वाळूत ट्रायपॉडचे पाय आधी दाबून रोवा आणि मग फ्रेम करा, नाहीतर लाट आली की खचतो. खाजनच्या बांधावर चिखल असेल तर प्रत्येक पायाखाली एकेक चपटा दगड किंवा नारळाची करवंटी ठेवा. वारा असेल तिथे मधला दांडा वर काढायचा नाही, पाय पसरून बुटका करायचा. स्टॅबिलायझेशन (हात हलल्याची भरपाई करणारी सोय) ट्रायपॉडवर बंद ठेवलेलं बरं, जुन्या लेन्समध्ये तर नक्कीच.

फोकससाठी एक उदाहरण लक्षात ठेवा. एपीएस-सी (छोट्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर १६ एमएम, एफ ८, आणि फोकस साधारण पावणेदोन मीटरवर, म्हणजे सुमारे एका मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं शार्प. एफ १६ च्या पुढे जायची गरज सहसा पडत नाही, तिथे डिफ्रॅक्शनने, म्हणजे बारीक छिद्रातून उजेड पसरल्याने, सगळाच फोटो मऊ होतो.

पिवळ्या भाताची एक अडचण आहे. संध्याकाळच्या उजेडात साधा हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) ठीक दिसत असतो आणि लाल चॅनल मात्र उडालेला असतो, मग घरी भाताच्या जागी सपाट पिवळा डाग मिळतो, कणसं वेगळी दिसतच नाहीत. म्हणून तिन्ही रंग वेगळे दाखवणारा आरजीबी हिस्टोग्राम चालू करा आणि लाल रंग उजव्या भिंतीला चिकटत असेल तर अर्धा-पाऊण स्टॉप खाली या. फोटो रॉमध्येच, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये, काढा. व्हाइट बॅलन्स ऑटोवर सोडला तर कॅमेरा तो सोनेरीपणाच दुरुस्त करायला बघतो, डेलाइटवर ठेवा, म्हणजे जागेवर स्क्रीनवरसुद्धा डोळ्यांना दिसतंय त्याच्या जवळचं दिसेल.

वाइडपेक्षा टेली

लँडस्केप म्हटलं की सगळे अल्ट्रावाइड घ्यायला धावतात, पण गोव्यात मला ७०-२०० एमएमची टेली, म्हणजे लांबचं जवळ आणणारी लेन्स, जास्त उपयोगी वाटते. कारण सरळ आहे, आपल्याकडे वाइड फ्रेममध्ये तार, खांब, अर्धवट बांधलेली बिल्डिंग काहीतरी येतंच, टेलीने ते बाहेर ठेवता येतं. चोर्ला घाटात सकाळी लवकर जा. रात्री आभाळ मोकळं असेल तर जमीन लवकर थंड होते आणि दऱ्यांमध्ये धुकं साचतं, नोव्हेंबरात हे जास्त, आणि खाली अंजुणे धरण पावसाने भरलेलं असतं. २०० एमएमला डोंगरांच्या रांगा एकामागे एक चिकटून येतात, प्रत्येक मागची रांग थोडी फिकट. उन्हं वर आली की हवा थरथरायला लागते आणि लांबचं काहीच शार्प येत नाही, तेव्हा साडेआठ-नऊनंतर टेलीची टेस्ट करून लेन्सला दोष देऊ नका. तेवढ्यात सरळ साखळीला उतरून भाजीपाव-चहा घ्यावा.

तांबडी सुर्लाचं महादेवाचं देऊळ कदंबकालीन, पूर्वाभिमुख आणि जंगलाने वेढलेलं, सकाळचा उजेड तिथे फार छान असतो, पण पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत ट्रायपॉडला वेगळी परवानगी लागते, तेव्हा हातात धरून काढता येईल अशीच लेन्स न्या. ड्रोन नवीन घेतला असेल तर उडवायच्या आधी डिजिटल स्काय ह्या सरकारी ड्रोन साइटवरचा नकाशा बघा, दाबोळीला नौदलाचा तळ आहे आणि उत्तरेला मोपा विमानतळ, दोघांच्या मध्ये मोकळी वाटणारी जागाही मोकळी नसू शकते. अभयारण्यात तर परवानगीशिवाय विचारच नको.

शेतात शिरताना बांधावरूनच चाला, कापणीला आलेलं भात तुडवलं तर त्या माणसाचं वर्षाचं नुकसान आहे. कुणी कापणी करत असेल तर आधी हाक मारून विचारा, काम थोडं थांबेपर्यंत वाट बघा, आणि त्यांचा फोटो निघाला तर नंतर नेऊन द्या. अंधारात सड्यावर जाताना बूट आणि टॉर्च हवाच, जांभ्याच्या कपारीत फुरसं असतं. कुंभारजुवे कालव्यात मगरी आहेत, तिथे लो अँगलसाठी पाण्याच्या काठाला जाऊन बसू नका.

घरी आल्यावर

समुद्रावरून आलात तर त्याच रात्री ट्रायपॉडचे पाय गोड्या पाण्याने धुऊन, लॉक उघडून सुकवायचे, सकाळवर ढकललं तर मीठ धरतं. लेन्सवरचे खारे थेंब कोरड्या कपड्याने घासू नका, आधी ब्लोअर, मग ओलसर मऊ कपडा, मग कोरडा. एसी गाडीतून किंवा खोलीतून बाहेर काढताना कॅमेरा बॅगेतच बंद राहू द्या, वीस-पंचवीस मिनिटांनी उघडा, नाहीतर आपल्या दमट हवेत काचेवर लगेच वाफ धरते आणि नेमका उजेड चांगला असतो तेव्हा तुम्ही पुसत बसता. ड्राय बॉक्समध्ये आर्द्रता ४०-५० टक्के ठेवा, ड्राय बॉक्स नसेल तर घट्ट झाकणाचा डबा, सिलिका जेल आणि एक छोटा हायग्रोमीटर एवढ्यावरही काम भागतं.

भाड्याची लेन्स विकत घ्यायची की नाही हे ठरवायला त्याच जागेचे तुमच्या जुन्या लेन्सने काढलेले फोटो शेजारी लावून बघा, जागा ओळखीची घेतली होती ती ह्यासाठीच. फरक शंभर टक्के झूम केल्यावरच दिसत असेल तर पैसे ठेवा आणि चांगल्या ट्रायपॉडला लावा. आणि सरद कापून झालं म्हणून कॅमेरा आत ठेवू नका, डिसेंबरच्या सुमारास काही ठिकाणी वायंगणासाठी, म्हणजे दुसऱ्या भातपिकासाठी, शेतात पाणी भरलं जातं, लावणी होईपर्यंत ते पाणी अगदी स्थिर असतं, तेव्हा वाइड लेन्स काढा.